शंभर टक्के नजर

१२ जून

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची वही मार्चमध्ये बंद पडली, कारण तिच्या रेघा फार जवळजवळ छापल्या होत्या. ही रुंद रेघांची घेतली. दुकानदार म्हणाला, ही पहिलीच्या मुलांची असते. असेना.

शाळा सुरू. मुख्याध्यापिकेने बोलावलं. (माझीच विद्यार्थिनी. पहिलीत डबा उघडायच्या आधी रोज रडायची.) म्हणाली, बाई, नर्स सोडून गेली, तर मुलांच्या डोळ्यांची तपासणी यंदा तुम्ही बघा ना. तुमचे तास तसेही कमी झालेत.

'तसेही' लक्षात ठेवलं आहे.

माझा विषय वाचन आणि उच्चार. पूर्वी आठवड्याला चार तास असत, आता एक. एकतीस वर्षांच्या नोकरीचं फळ म्हणजे आजाऱ्यांच्या खोलीच्या दारामागे टांगलेला एक तक्ता. वर एक मोठा ई, खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांच्या ओळी.

काम साधं आहे. मुलाला सहा मीटरवर उभं करायचं, तक्ता वाचायला लावायचा. सगळ्या ओळी वाचल्या तर रजिस्टरात ६/६, म्हणजे नजर उत्तम. नाही वाचल्या तर मुलाचं नाव यादीत. ती यादी डोळ्यांच्या दवाखान्याला पाठवायची, पुढचं ते बघतात, लागला तर चष्मा देतात.

मनापासून करायचं ठरवलं आहे. उद्यापासून साडेपाचला उठणार.

१३ जून, सकाळी ७.५०

उठायला उशीर. हल्ली घड्याळांचे आकडे फार फिकट असतात.

'यादी' या शब्दाने रात्रभर छळलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशीच तपासणी व्हायची. मी आठ वर्षांची, ताई अकराची. सकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर कागद उलगडायच्या आणि नावं वाचायच्या. मेणबत्त्यांचा वास, घासून गुळगुळीत झालेली फरशी, आमचे कॅनव्हासचे पांढरे बूट, आणि त्या शांततेत ताईचं नाव. पंधरा दिवसांनी तिला काळ्या काड्यांचा चष्मा आला आणि वर्ग तिला ढापणी म्हणायला लागला. त्याच वर्षी ताईने समूहगान सोडलं. एका कागदाने माझ्या बहिणीचा आवाज बंद केला. त्या दिवशी मी ताईपेक्षा जास्त रडले होते.

माझ्या हातून यादी जाईल ती कोरी जाईल.

१५ जून

पाचवीच्या दहा मुलांवर प्रयोग. सहा जण चौथ्या ओळीत अडकले. एक जण आधी पी म्हणाला, मग एफ, मग मान तिरकी करून टी. एक मुलगी म्हणाली, टीचर, तिथे मुंग्या बसल्यात.

स्टेजवर मुलं अशीच गडबडतात. हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. धिटाई नाही, सराव नाही. निदान झालं. ही डोळ्यांची अडचणच नाही.

१८ जून

आज तासाला तक्ता वर्गात नेला. आधी मुलांनी माझ्यामागे म्हटलं, मग बाकाबाकाने, मग एकेकट्याने. पहिली ओळ एका श्वासात, तिसऱ्या ओळीनंतर थांबा, खालची ओळ आवाज न पाडता. शेवटच्या अक्षराला मुलं दमतात, तिथे मी टाळी दिली.

मधल्या सुट्टीत जिन्यातून उतरताना मुलं ठेक्यात ई, एफ, पी म्हणत होती. माझ्या विषयाला इतका प्रतिसाद बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. व्यवस्थापनाने ऐकायला हवं होतं.

सगळ्या वर्गांना दोन आठवड्यांत तयार करणार.

२४ जून

मिरी. माझी नात. जन्मली तेव्हा मिऱ्याच्या दाण्याएवढी होती, म्हणून मिरी. आता अकरा वर्षांची, आमच्याच शाळेत सहावी अ. मुलगा जहाजावर असतो, सहा महिन्यांनी येतो. घरात मी, सून आणि मिरी.

या पोरीची नजर म्हणजे काय सांगावं. गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख, जी छापणाऱ्यालासुद्धा वाचता येणार नाही, ती ही नाकाशी धरून घडाघडा वाचते. सुईत दोरा एका झटक्यात. मला हल्ली सुया नीट मिळत नाहीत, भोकं लहान ठेवतात.

१ जुलै

मोठा दिवस. चारशे बारा मुलं, तीन दिवसांत. आधीपासून चष्मा असलेली एकोणीस मुलं वेगळी बसवली. ती माझ्या आधीची.

वेळ वाचावा म्हणून रजिस्टरात सगळ्यांपुढे ६/६ आधीच लिहून ठेवलं होतं. अपवाद निघाला तर खोडता येतं. पण खाडाखोड मला आवडत नाही, आणि वेळही आली नाही.

मिरी तक्त्याच्या जरा डावीकडे, कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्या ओळी न अडखळता म्हणाली. उभं राहण्याची ढब सुधारायला हवी. उच्चार निर्दोष.

३ जुलै

चारशे बारापैकी चारशे बारा. शंभर टक्के. कोऱ्या यादीवर सही केली. सही करताना ताईची फार आठवण आली.

१९ जुलै

सून विमानतळावर बॅगा तपासण्याच्या मशीनवर बसते. दिवसभर पडद्याकडे बघून लोकांच्या सामानातली कात्री शोधायची. तीच सवय घरी आणते. आज म्हणाली, आई, मिरी टीव्हीला नाक लावून बसते हो, आणि डोळे बारीक करते. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू या का?

मी रजिस्टर घरी आणलं होतंच (हस्ताक्षर नीट करायला). तिच्यापुढे उघडलं. मिरीचं नाव, ६/६, खाली माझी सही. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, तुम्ही तपासलंत ना, मग प्रश्नच मिटला.

या घरात असं वाक्य मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं. रात्री छान झोप लागली.

६ ऑगस्ट

गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं की तुमची नात शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. चहा तसाच ठेवून उठले.

मिरीला विचारलं. म्हणाली, आजी, फळा चमकतो, काही दिसत नाही. मग तसं आधी नाही का सांगायचं. मी स्वतः शिपायाला घेऊन वर्गात गेले, फळा ओल्या फडक्याने पुसून घेतला. दोनदा.

तिला पहिल्या बाकावर बसायचं होतं. म्हटलं, तू उंच आहेस, मागच्यांना आडवी येशील. शिवाय पुढचं बाक मागितलं की लोक कारण विचारतात.

९ ऑगस्ट

संकल्प. रोज संध्याकाळी पाच ते सहा डोळ्यांचा व्यायाम, दोघींचा. खाली मैदानात आरडाओरडा करत धावण्यापेक्षा बरं. मिरी कुरकुरली, मैत्रिणी खाली आल्यात म्हणून. म्हटलं, मैत्रिणी रोजच्या आहेत, डोळे दोनच आहेत.

पद्धत अशी. पेन्सिल समोर धरून हळूहळू नाकाकडे आणायची, टोक दिसेनासं झालं की थांबायचं. मग खिडकीतून लांब बघायचं. मिरीची पेन्सिल नाकाला टेकली तरी टोक स्पष्ट. मी हात पूर्ण लांब केला तरी माझ्या टोकाला धुकं. पेन्सिल हलक्या कंपनीची होती.

लांबचं बघण्यासाठी तिला विचारलं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय? म्हणाली, कुठली टाकी? विनोदबुद्धी अगदी आजोबांची.

१० ऑगस्ट

पाहुणे. व्यायाम राहिला.

१७ ऑगस्ट

आठवडाभर राहिला. पण एक तास खाली सोडलं नाही, घरातच बसवलं, म्हणजे डोळ्यांना विश्रांती मिळाली. वाचत होती बिचारी.

११ सप्टेंबर

तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुमच्या नातीला शिंगं फुटली का हो? समोरून जाते, हाक मारेपर्यंत ओळख दाखवत नाही.

मी लाजेने अर्धी झाले. माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी. संध्याकाळी तासभर तिला शिष्टाचारावर बोलले. जिन्यात जो दिसेल त्याला आपणहून गुड मॉर्निंग म्हणायचं. मान खाली घालून म्हणाली, बरं आजी.

१२ सप्टेंबर

आज सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आहे, त्यालाही म्हणाली. अतिरेक करते. पण आज्ञाधारक आहे.

२२ ऑक्टोबर

सहामाहीचा निकाल. गणितात शंभरपैकी तेवीस. भूगोलात नकाशा कोरा. सहावी अ मधून सहावी क मध्ये टाकली. तिची एकुलती एक मैत्रीण अ मध्येच राहिली.

मुख्याध्यापिकेकडे गेले. म्हणाली, बाई, तिचं लक्षच नसतं हो वर्गात. डोळे बिळे बघून घ्या एकदा. म्हटलं, डोळे तुमच्या कपाटातल्या रजिस्टरात आहेत, ६/६. 

मिरी रडली नाही. पुस्तकात तोंड खुपसून बसली होती, पान अगदी पापण्यांना लागेल इतकं. चेहरा लपवायची सवय वाईट. सांगितलं तसं.

तिचं गणित मीच घेणार. सोमवारपासून.

२० नोव्हेंबर

चार सोमवार झाले. गणिताचं पुस्तक फार बारीक छापलेलं आहे.

२५ नोव्हेंबर

दवाखान्याचं पत्र. चारशे बारा मुलांत एकही नाव नाही असं आमच्या पाहण्यात आजवर आलेलं नाही, तरी आमचे डॉक्टर स्वतः शाळेत येऊ इच्छितात. जानेवारीत.

'आजवर आलेलं नाही.' पत्र दोनदा वाचून घेतलं (मिरीकडून). वाचून झाल्यावर तिने ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ते परत तपासणार का सगळ्यांना? म्हटलं, नाही गं, असे लोक कौतुक करायला येतात. म्हणाली, अच्छा.

भाषणाची तयारी सुरू. चार मिनिटं, त्यातलं एक सिस्टरांच्या आठवणीसाठी.

८ जानेवारी

खबरदारी म्हणून प्रत्येक वर्गाकडून तक्त्याची एक उजळणी करून घेतली. एका श्वासात. काय आवाज लागला आहे मुलांचा.

११ जानेवारी

डॉक्टर तरुण निघाला, धुळीचे बूट, टाय नाही. हार वगैरे काही नको म्हणाला. आल्या आल्या त्याने आमचा तक्ता दारामागून काढला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. स्वतःचा लावला. त्यावर एकही अक्षर ओळखायचं नाही. तीन दातांचं एकच चिन्ह, कुठे वर तोंड, कुठे खाली, कुठे आडवं. मुलाने तोंड कुठल्या बाजूला आहे ते नुसतं हाताने दाखवायचं. म्हणजे बोलायचंच नाही. असे तीन वेगवेगळे तक्ते होते त्याच्याकडे, आणि तो ते मधूनच बदलायचा.

मी म्हटलं, आधी एक दिवस सरावाला द्या. म्हणाला, मॅडम, सराव कशाचा?

पहिला मुलगा रेघेवर उभा राहिला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणायला लागला, ई, एफ, पी. मागची रांगही त्याच्याबरोबर सुरू झाली. तिसऱ्या ओळीनंतर सगळे बरोबर थांबले. डॉक्टर आधी हसला. मग रजिस्टर मागून घेतलं, दोन पानं उलटली आणि हसायचा थांबला. विचारलं, ही सही कुणाची? मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत होती. म्हटलं, माझी.

नजर कमी असलेली त्र्याऐंशी मुलं निघाली.

मिरीची पाळी सहावी क च्या रांगेत आली. रेघेवरून तिने तक्ता कुठे आहे ते शोधलं. त्याने तिला पुढे बोलावलं. आणखी पुढे. आणखी. तक्त्यापासून चार पावलांवर तिने सगळ्यात वरचं, तळहाताएवढं चिन्ह ओळखलं. मागची मुलं कुजबुजत होती. मी त्यांना दटावलं.

डॉक्टरला सुईचं सांगितलं, गोळ्यांच्या पट्टीचं, पेन्सिलीचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मॅडम, ही सगळी जवळची कामं झाली. अशा मुलांना जवळचं छानच दिसतं, लांबचं दिसत नाही. पेन्सिल नाकाला टेकली तरी दिसते, हीच तर खूण होती. तुमचं उलट आहे, वय झालं की डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता जाते, जवळचं धूसर होतं.

वय काढायची गरज नव्हती.

मग विचारलं, बाहेर खेळते का? म्हटलं, संध्याकाळी मी तिला व्यायामाला घरात बसवते. त्याने काहीतरी लिहिलं. म्हणाला, अशा मुलांना दिवसाउजेडी जितकं बाहेर सोडाल तितकं चांगलं.

भाषण राहिलं.

१२ जानेवारी

दवाखान्यात पक्कं मोजलं. दोन्ही डोळ्यांना उणे पाचच्या आसपास. डॉक्टर म्हणाला, हा एका महिन्यात आलेला नंबर नाही. जूनमध्येच कळलं असतं.

तक्ता बदलला की निकाल बदलणारच, हे माझं म्हणणं आहे. पण ऐकायला घरात कुणी नव्हतं. सून रजा टाकून दिवसभर मिरीबरोबर होती. संध्याकाळी आली, पर्स ठेवली, पाणी प्यायली. मी म्हटलं, हल्लीचे डॉक्टर लगेच घाबरवतात. ती एवढंच म्हणाली, मी जुलैमध्ये विचारलं होतं, आई. तुम्ही सही दाखवलीत.

ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१३ जानेवारी

मिरीला जवळ घेऊन विचारलं, बाळा, दिसत नव्हतं तर बोलायचं नाही का आजीशी?

म्हणाली, बोलले होते. फळा दिसत नाही म्हणून. तू फळा पुसून घेतलास.

मग तक्ता कसा म्हणालीस सगळा? म्हणाली, तूच शिकवलास ना. सगळ्यांनाच येतो.

१५ जानेवारी

प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकेने त्र्याऐंशी नावं वाचली. मी डोळे मिटून उभी होते. एकेक नाव आलं की मुलं टाळ्या वाजवत होती. ज्यांचं आलं नाही त्यांतला एक हिरमुसून म्हणाला, टीचर, माझं परत बघा ना एकदा. वर्गात जाताना कुठल्या रंगाची काडी घ्यायची यावर भांडणं चालली होती.

काळ फार उथळ झाला आहे.

दुपारी चिठ्ठी आली. उच्चारांचा तास या महिन्यापासून बंद. तसेही एकच उरला होता.

१७ जानेवारी

ताईला फोन केला. हे दुःख तिलाच कळेल. सगळं सांगितलं, ती यादी, ती सकाळ, ते ढापणी म्हणणं, सुटलेलं गाणं.

ताई म्हणाली, गाणं? अगं, गाणं मी कंटाळून सोडलं. सिस्टर बारा वेळा एकच ओळ म्हणून घ्यायच्या. चष्मा आला तो दिवस तर मला मजेचा वाटला होता, मी सारखी खिडकीशी उभी. रडली होतीस ती तू. मलाही हवा म्हणून जमिनीवर लोळलीस. बाबांनी तुला बिनभिंगांची फ्रेम आणून दिली तेव्हा गप्प झालीस.

ताईची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही.

ती फ्रेम तपकिरी होती.

२६ जानेवारी

मुख्याध्यापिकेकडे अर्ज घेऊन गेले की मिरीला परत अ मध्ये घ्या, चूक तिची नव्हती. अर्जात कुणाची होती ते लिहिलं नाही. तिने वाचला. म्हणाली, बाई, तुकड्या सहामाहीलाच बदलतात, आता वर्ष संपत आलं, मधेच हलवता येत नाही, पुढच्या वर्षी परीक्षा देऊ दे. मग हळूच म्हणाली, तुम्ही घरी लिहिलंत का हे? अक्षर ओळीच्या बाहेर गेलंय.

२ फेब्रुवारी

मिरीचा चष्मा आला. निळी काडी, तिने स्वतः निवडली. सून घेऊन गेली होती. मला जागा नव्हती असं नाही, कुणी विचारलं नाही.

आल्यावर तिला माझ्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. विचारलं, सांग बघू, आता काय काय दिसतं? तिचं सगळं नीट लिहून ठेवायचं ठरवलं होतं, वहीचं पान उघडून ठेवलं होतं.

म्हणाली, फळा.

म्हटलं, आणखी?

जरा विचार करून म्हणाली, फळ्यावरचं. पण क मध्ये जे लिहितात ते मला येतं.

आणि दप्तर उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला गेली. तिथे उजेड फार कमी आहे. डोळे बिघडतील, असं म्हणायला मी उठलेही होते. दारापर्यंत गेले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुरतं, डोळे बारीक न करता, आणि पुन्हा वहीत बघायला लागली.